दोन पी, दोन ओ आणि तीन निकाल: लांब इंग्रजी शब्दांच्या एका शालेय स्पर्धेचं प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली माध्यमिक शाळा. आठवी ते दहावी सेमी इंग्रजी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की शाळेत वक्तृत्व, निबंध, रांगोळी असा कार्यक्रम असतो. त्या वर्षी इंग्रजीच्या सरांनी त्यात एक नवी स्पर्धा घातली. फळ्यावर काही इंग्रजी अक्षरं लिहायची आणि मुलांनी ती अक्षरं असलेला जास्तीत जास्त लांब इंग्रजी शब्द शोधायचा. गाव, शाळा आणि माणसांची नावं इथे वगळली आहेत.

चार-चार मुलांचे तीन गट होते: अ, ब आणि क. प्रश्न तीन, प्रत्येकाला दहा मिनिटं, एका प्रश्नाला एकच शब्द. शब्दात जितकी अक्षरं तितके गुण. शब्दकोश किंवा मोबाइल चालणार नव्हता. फळ्यावरचं वाक्य असं होतं: 'दिलेली अक्षरं असलेला जास्तीत जास्त लांब इंग्रजी शब्द लिहा.' पुढचा सगळा घोळ या एका वाक्यातून निघाला.

पहिल्या प्रश्नाची अक्षरं: ए, ई, आय, ओ, यू.
दुसऱ्याची: पी, पी, ओ, ओ, आर.
तिसऱ्याची: पी, एच, वाय, सी.

पहिल्याच प्रश्नाला क गटाची चार मिनिटं वाया गेली. फक्त या पाच अक्षरांपासूनच शब्द करायचा आहे असं त्यांना वाटलं, आणि नुसत्या स्वरांचा शब्द काही जमेना. दिलेल्या अक्षरांमधून शब्द बनवायचा हा एक खेळ, दिलेली अक्षरं पोटात असलेला शब्द शोधायचा हा दुसरा. पहिल्यात अक्षरं कमाल मर्यादा ठरवतात, दुसऱ्यात किमान अट. वर्तमानपत्रातल्या कोड्यांमुळे मुलांना पहिलाच ओळखीचा असतो. सरांनी मध्येच खुलासा केला, पण मिनिटं वाढवून दिली नाहीत.

उत्तरं आणि जाहीर झालेला निकाल

अ गटाने अनुक्रमे कम्युनिकेशन, ट्रान्सपोर्टेशन आणि फोटोसिंथेटिक लिहिलं. गुण १३, १४ आणि १४, एकूण ४१.

ब गटाने एज्युकेशन, ऑपॉर्च्युनिटी आणि फिजिक्स. गुण ९, ११ आणि ७, एकूण २७.

क गटाने रिव्होल्युशनरी, कॉर्पोरेशन आणि फोटोसिंथेसिस. गुण १३, ११ आणि १४, एकूण ३८.

वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्या मुलांची साडेबाराची एसटी गाठायची होती, म्हणून तपासणी उभ्या-उभ्याच झाली. सरांनी शब्द मोठ्याने वाचले, लांबी मोजली, स्पेलिंग बरोबर आहे ना पाहिलं आणि अ गट पहिला, क दुसरा, ब तिसरा असं सांगून टाकलं. एक गोष्ट मात्र कोणीच तपासली नाही: दिलेली अक्षरं त्या शब्दांत खरोखर आहेत का?

अडचण

दुसऱ्या दिवशी ब गटातली एक मुलगी वही घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली. तिने ट्रान्सपोर्टेशन अक्षर सुटं करून लिहिलं होतं: टी-आर-ए-एन-एस-पी-ओ-आर-टी-ए-टी-आय-ओ-एन. ओ दोन आहेत, पी एकच. "सर, एकच पी चालत होता तर फळ्यावर दोन पी कामून लिहिले?"

या प्रश्नाला सरांकडे उत्तर नव्हतं. मग तिन्ही गटांचे नऊही शब्द पुन्हा काढले. त्यात आणखी दोन चुका सापडल्या, आणि त्या वादातल्या नव्हत्या, सरळ होत्या.

कम्युनिकेशनमध्ये ई नाहीच. सी-ओ-एम-एम-यू-एन-आय-सी-ए-टी-आय-ओ-एन. तेरा अक्षरं, स्वर चारच. मराठी कानाला 'केशन'मधला 'के' ऐकू येतो आणि ई आहे असं वाटतं. लिहिताना तो स्वर ए आहे. प्रोनन्सिएशन आणि ऑर्गनायझेशन यांतही हाच चकवा: शेवटच्या 'एशन'मध्ये ई कधीच नसतो, तिथे ए-टी-आय-ओ-एन असतं.

फोटोसिंथेसिसमध्ये सी नाही. 'स'चा उच्चार तीन वेळा आहे आणि तिन्ही वेळा अक्षर एस आहे. अ गटाचा फोटोसिंथेटिक मात्र शेवटी सी घेऊन येतो, म्हणून तो बसतो. दोन्ही शब्द चौदाच अक्षरांचे, एकाच धड्यातले. एक पास, एक नापास.

राहिला दुसरा प्रश्न. ट्रान्सपोर्टेशन आणि कॉर्पोरेशन या दोन्हींत पी एकेकच आहे. पी, ओ आणि आर ही अक्षरं शब्दात असली म्हणजे झालं असा अर्थ घेतला तर दोन्ही बरोबर. अक्षर जितक्या वेळा दिलं तितक्या वेळा हवं असा अर्थ घेतला तर दोन्ही चूक. ऑपॉर्च्युनिटीत दोन पी, दोन ओ आणि एक आर, म्हणजे तो कुठल्याही अर्थाने बरोबर.

सैल अर्थाने गुण असे: अ २८, ब २७, क २४. काटेकोर अर्थाने असे: अ १४, ब २७, क १३. पहिला नंबर कोणाचा हे आता मुलांच्या उत्तरांवर उरलं नव्हतं. ते प्रश्न लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं यावर ठरणार होतं. सरांना विचारलं तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की दोन-दोन अक्षरं अवघडपणासाठी घातली होती, म्हणजे मोजूनच हवी होती. पण तसं लिहिलं नव्हतं.

समोरचे पर्याय

मुख्याध्यापिका मॅडम, इंग्रजीचे सर आणि संगणकाचे सर असे तिघे बसले.

निकाल आहे तसा ठेवायचा, हा पर्याय दोन मिनिटांत बाजूला गेला. कम्युनिकेशनमध्ये ई नाही हे आता पोरांनाही माहीत होतं.

सैल अर्थ धरायचा तर अ गट एका गुणाने जिंकतो आणि जाहीर केलेला पहिला नंबर टिकतो. सोयीचं होतं, आणि म्हणूनच संशयाला जागा होती. शिवाय अक्षर दोनदा लिहिण्याला काहीच अर्थ नव्हता असं म्हणावं लागलं असतं. ते पटण्यासारखं नव्हतं.

काटेकोर अर्थ धरायचा तर ब गट पहिला. तर्काला धरून हेच. पण नियम खेळ संपल्यावर सांगितला अशी अ आणि क गटाची तक्रार आली असती, आणि तीही चुकीची नव्हती.

दुसरा प्रश्नच रद्द करायचा, हे वरवर सगळ्यात तटस्थ वाटतं. हिशोब केला तर तसं नाही: अ १४, ब १६, क १३. प्रश्न रद्द करणंही एका गटाच्या पारड्यात पडतं, आणि ज्या गटाने त्या प्रश्नाचं निर्विवाद बरोबर उत्तर दिलं त्याचेच ११ गुण जातात. वाद मिटवायला 'प्रश्न रद्द' म्हणण्याआधी ही बेरीज कागदावर करून पाहावी, असं हे प्रकरण वाचणाऱ्या कुणालाही सांगावंसं वाटतं.

शेवटचा पर्याय: पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे तपासलेले गुण कायम ठेवायचे आणि दुसऱ्याच्या जागी नवा प्रश्न, नियम आधी लिहून देऊन. हाच निवडला.

नवा प्रश्न कसा काढला

इथेच सगळ्यात जास्त वेळ गेला. प्रश्न फळ्यावर लिहायला अर्धं मिनिट लागतं. त्याला किती उत्तरं आहेत, केवढी आहेत आणि मुलांच्या आवाक्यात आहेत का, हे आधी पाहायला यादी लागते.

छापील शब्दकोश या कामाचा नाही. तो पहिल्या अक्षराने लावलेला असतो आणि इथे अक्षर कुठेही असू शकतं. शाळेच्या लॅबमधल्या संगणकांवर विंडोजऐवजी उबंटू ही मोफत प्रणाली होती. त्यात वर्ड्स नावाची साधी मजकुराची फाइल असते, एका ओळीत एक शब्द, लाखाच्या घरात ओळी. तीच वापरायची ठरली.

इंग्रजीच्या सरांनी आधी ती फाइल ऑफिसच्या विंडोज मशीनवर नेऊन एक्सेलमध्ये उघडली. तीन गोष्टी बिघडल्या.

पहिली, फाइल जुन्या एक्सएलएस प्रकारात साठवली. त्या प्रकारात ६५,५३६ ओळींपलीकडे काही मावत नाही, आणि यादी वर्णानुक्रमे असल्यामुळे शेवटच्या अक्षरांचे शब्द गळाले. क गटाचा रिव्होल्युशनरी यादीत सापडेना तेव्हा हे उघडकीला आलं. नव्या एक्सएलएसएक्स प्रकारात १०,४८,५७६ ओळी बसतात, तिथे हा प्रश्न येत नाही.

दुसरी, लांबी एकाने जास्त दिसायला लागली. एज्युकेशन ९ ऐवजी १०. फाइल इकडून तिकडे नेताना विंडोजच्या पद्धतीने प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह चिकटलं होतं, आणि लांबी मोजणारं सूत्र तेही मोजत होतं. यावर उपाय सोपा आहे. कुठलीही यादी वापरण्याआधी पाठ असलेले दोन-तीन शब्द टाकून पाहायचे. एज्युकेशन ९ यायला हवा. अनकॉपीराइटेबल १५ यायला हवा, आणि त्यात एकही अक्षर दोनदा येत नाही, म्हणून मोजणीचं सूत्रही त्याच्यावर पारखून घेता येतं.

तिसरी चूक सूत्रातली होती. एखादं अक्षर शब्दात किती वेळा आलं हे काढायला एक्सेलमध्ये लेन आणि सब्स्टिट्यूट ही दोन फंक्शनं जोडतात: शब्दाची लांबी वजा ते अक्षर काढून टाकल्यावर उरलेल्या शब्दाची लांबी. सूत्र बरोबरच आहे. पण सब्स्टिट्यूट लहान आणि मोठ्या लिपीतली अक्षरं वेगळी मानतं. सरांनी मोठा सी दिला, यादी लहान लिपीत, त्यामुळे सगळीकडे शून्य.

शेवटी संगणकाच्या सरांनी लॅबमध्येच ग्रेप वापरून काम केलं. ग्रेप म्हणजे दिलेल्या नमुन्यात बसणाऱ्या ओळी तेवढ्या गाळून देणारी उबंटूतली आज्ञा. पद्धत चाळणीवर चाळणी लावण्याची. पहिली चाळणी: अथपासून इतिपर्यंत लहान लिपीतलीच अक्षरं असलेल्या ओळी ठेवायच्या. याने विशेषनामं जातात आणि ॲपॉस्ट्रॉफी-एस लावलेली रूपं जातात. ती काढली नाहीत तर लांबीनुसार लावल्यावर डोक्यावर तीच येऊन बसतात. इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राफ हा २१ अक्षरी शब्द ॲपॉस्ट्रॉफी-एसमुळे २३चा दिसतो. मग प्रत्येक अक्षराची वेगळी चाळणी, पाइपने एकीला एक जोडलेली, म्हणजे एकीतून निघालेल्या ओळी थेट पुढचीत जातात. अक्षर दोनदा हवं असेल तर नमुना असा लिहायचा: ते अक्षर, टिंब, तारा, पुन्हा तेच अक्षर. टिंब-तारा म्हणजे 'मध्ये काहीही, कितीही'. सगळ्यात शेवटी ऑक या आज्ञेने प्रत्येक शब्दापुढे लांबी छापायची आणि सॉर्ट या आज्ञेने उतरत्या क्रमाने लावायचं.

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे सगळी अक्षरं एकाच चौकटी कंसात घालणं. त्याचा अर्थ 'यातलं कुठलंही एक' असा होतो, 'सगळी' असा नाही. मग जवळजवळ अख्खी यादीच परत येते आणि माणूस समजतो की शब्द फार आहेत.

तयारी झाल्यावर अक्षरांचे तीन संच तपासले. दोन टी, दोन एन, आय, ओ, ए हा संच बाद केला, कारण शेवटी 'टिऑन' घेणाऱ्या शब्दांचा नुसता पूर आला. असा प्रश्न शब्दसंग्रह तपासत नाही, एका प्रत्ययाची घोकंपट्टी तपासतो. जे आणि क्यू हा दुसऱ्या टोकाचा: जॅकार्ड, जॉन्क्विल असले मोजके शब्द, जे तालुक्याच्या शाळेतल्या मुलांनी ऐकलेलेही नसतात. तिसरा संच निवडला: सी दोन वेळा, ई, एल, टी. यात कलेक्टरसारखा रोजच्या कानावरचा नऊ अक्षरी शब्द आहे, मधल्या लांबीचे कलेक्शन, इलेक्ट्रिसिटी, रिकलेक्शन आहेत, आणि वर कॅरेक्टरिस्टिकली हा अठरा अक्षरी आहे. शिवाय कॅल्क्युलेटर हा सापळाही आहे. त्यात ई नाही, शेवटी ओ-आर आहे.

एक धोका संगणकाच्या सरांच्या लक्षात आला तो बरा. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत एक ४५ अक्षरी शब्द असतो, न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. ज्वालामुखीच्या बारीक धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचं हे नाव १९३५ साली अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीगच्या अध्यक्षांनी मुद्दाम लांब व्हावं म्हणून घडवलं, आणि पुढे ते शब्दकोशांत गेलं. त्यात २६ पैकी १४ अक्षरं आहेत. पाचही स्वर आहेत, पी दोन आहेत, सी आणि ओ तर भरपूर. म्हणजे स्पर्धेचा पहिला आणि दुसरा प्रश्न आणि हा नवा प्रश्न, तिन्हींना हे एकच उत्तर चालतं. कुणी ते पाठ करून आलं असतं तर ९० गुण घेऊन गेलं असतं. त्यावर दोन उपाय आहेत. एक, संचात बी, डी, एफ, जी, एच, जे, के, क्यू, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड यांतलं एखादं अक्षर घालायचं, कारण यातलं एकही त्या शब्दात नाही. तिसरा प्रश्न एच आणि वायमुळे आपोआप वाचला होता. दोन, लांबीला मर्यादा. इथे मर्यादा घातली, २० अक्षरांची, आणि शब्द वाक्यात वापरून दाखवायची अटही.

पाठ करून येणाऱ्यांच्या यादीत आणखी दोन शब्द असतात. फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन २९ अक्षरांचा आहे, पण त्यात ई एकदाही येत नाही. अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम २८चा आहे, त्यात ओ आणि यू नाहीत. पहिल्या प्रश्नाला दोन्ही निकामी. पाठांतराला अक्षरांची अट कशी अडवते हे मुलांना दाखवायला हे दोन्ही उत्तम.

प्रत्यक्ष फेरी

चार दिवसांनी मधल्या सुट्टीनंतर फेरी झाली. प्रश्न आता असा होता: 'ज्या शब्दात सी किमान दोन वेळा आणि ई, एल, टी प्रत्येकी किमान एकदा येतात असा, २० अक्षरांपर्यंतचा, जास्तीत जास्त लांब इंग्रजी शब्द लिहा. बाकी अक्षरं कुठलीही चालतील, क्रम कुठलाही चालेल. विशेषनाम, जोडरेघ आणि ॲपॉस्ट्रॉफी चालणार नाही. अनेकवचन आणि क्रियापदाची रूपं चालतील.'

तपासणी गणिताच्या चौकटींच्या वहीवर. एका चौकटीत एक अक्षर, मोठ्या लिपीत, म्हणजे लांबी आपोआप मोजली जाते. दिलेली अक्षरं खाली लिहायची, आणि प्रत्येकासाठी वरची एकच चौकट पेन्सिलने छेदायची. छेदलेली चौकट पुन्हा वापरायची नाही. सगळी अक्षरं छेदून झाली तर शब्द पास. दोन शिक्षकांनी एकमेकांचं न बघता तपासायचं. एका शब्दाला मिनिटभर लागतं. ऐन वेळी लाइट गेली, पण कागदावरच्या या कामाला तिची गरज नव्हती. शब्द खरा आहे की नाही तेवढं छापील शब्दकोशात पाहिलं.

अ गटाने आधी कॅल्क्युलेटर लिहिला, स्वतःच खोडला आणि कलेक्शन लिहिला: १० गुण. ब गटाने इलेक्ट्रिसिटी: ११. क गटाने हायड्रोइलेक्ट्रिसिटी: १६. भूगोलात जलविद्युत केंद्र शिकलेलं, पैठणच्या जायकवाडीचं उदाहरण वर्गात झालेलं, आणि वाक्यही त्यांनी त्यावरच केलं.

निकाल

क २९, ब २७, अ २४. पहिल्या दिवशी पहिला आलेला गट तिसरा, आणि दुसऱ्या क्रमांकाचा गट पहिला. या वेळी कुणी हरकत घेतली नाही. चौकटींचे कागद फळ्याशेजारी टाचून ठेवले होते, ज्याला शंका असेल त्याने अक्षरं मोजावीत.

तरीही हा निकाल पूर्ण न्यायाचा झाला असं म्हणता येत नाही. मूळ तिन्ही प्रश्नांत एकही चूक न केलेला गट एकटा ब होता. त्यांचे शब्द आखूड होते, पण प्रत्येक शब्दात दिलेलं प्रत्येक अक्षर दिलं तितक्या वेळा होतं. चूक शोधूनही त्यांनीच आणली. नव्या फेरीने त्यांचा निर्विवाद शब्द इतरांच्या वादग्रस्त शब्दांबरोबर पुसून टाकला. फेरी घ्यायचीच होती तर ब गटाला पर्याय द्यायला हवा होता: जुने ११ ठेवा किंवा नवा शब्द द्या. योगायोगाने नव्या फेरीतही त्यांना ११च मिळाले, म्हणून ही फट झाकली गेली.

मुलांना नंतर काय दाखवलं

त्याच आठवड्यात इंग्रजीच्या सरांनी दोन तास या प्रश्नांवरच घेतले. लांब शब्द आठवत बसायचा नसतो, जोडायचा असतो, हा त्याचा गाभा.

पहिलं, दिलेल्या अक्षरांतली किती अक्षरं प्रत्यय गिळतो ते पाहायचं. तिसऱ्या प्रश्नात पी, एच, वाय, सी. शेवटी 'इकली' म्हणजे आय-सी-ए-एल-एल-वाय लावलं की सी आणि वाय दोन्ही मिळाले. उरले पी आणि एच, आणि पी-एच जोडीने येणारं मूळ म्हणजे ग्राफ. जिऑग्राफी सगळ्यांना येतो. तो जिऑग्राफिकली झाला की १४ अक्षरं. फोटोग्राफिकली १६. ऑटोबायोग्राफिकली १८. नवा शब्द एकही शिकावा लागला नाही. फिजिक्सवर थांबलेल्या ब गटाला हे सगळ्यात जास्त लागलं.

याच प्रश्नात उच्चाराने झाकलेलं अक्षरही दाखवलं. सायकॉलॉजी म्हणताना पी ऐकूच येत नाही, पण शब्द सुरू होतो तोच पीने. नीटची स्वप्नं बघणाऱ्या लातूरकडच्या मुलांना जीवशास्त्रातले असे ग्रीक मुळांचे शब्द बरेच माहीत असतात. पी-एच, सी-एच आणि वाय एकत्र दिसले की त्या खणात हात घालायचा.

दुसरं, प्रत्ययात नसलेलं अक्षर उपसर्गातून आणायचं. पहिल्या प्रश्नात 'एशन' घेतलं की ए, आय, ओ मिळतात. उरतात यू आणि ई. कम्युनिकेशनमध्ये यू आहे, फक्त ई हवा. पुढे टेली लावला की ई आला आणि लांबी १७ झाली. एक्स लावला तर एक्सकम्युनिकेशन, १५. इंटर लावला तर १८. अ गट चार अक्षरांनी चुकला, असं सर म्हणाले, तेव्हा वर्गात हशा झाला.

तिसरं जरा बारकाईचं आहे, पण तेच जास्त कामाचं. शब्द लांबवताना हातातलं अक्षर निसटू शकतं. इन्स्टिट्यूशनलाइझ १६ अक्षरी, शेवटी ई, पाचही स्वर आहेत. लांबवायचा म्हणून इन्स्टिट्यूशनलायझेशन केला की २० अक्षरं होतात, पण शेवटचा ई गळतो आणि शब्द नापास. पुढे डी-ई लावून डीइन्स्टिट्यूशनलायझेशन केला की ई परत येतो, २२. म्हणजे १६ बरोबर, २० चूक, २२ पुन्हा बरोबर. प्रत्येक जोडणीनंतर अक्षरं पहिल्यापासून छेदून पाहायची ती यासाठी.

आणि संचात क्यू, झेड, एक्स, जे यांतलं काही असेल तर शोध तिथूनच सुरू करायचा. क्यूपाठोपाठ यू जवळजवळ नेहमी येतो, म्हणून क्यू आणि यू दोन्ही दिलेले असतील तर ते एकच अक्षर समजून चालायचं.

पुन्हा करायचं तर

प्रश्नपत्रिकेवर चार गोष्टी आधीच छापायच्या: अक्षर किती वेळा हवं, इतर अक्षरं चालतात का, क्रम महत्त्वाचा आहे का, आणि वाद झाल्यास कोणता शब्दकोश अंतिम. शेवटची गोष्ट जोडरेघेसाठी फार लागते. काउंटररिव्होल्युशनरी एका शब्दकोशात सलग २० अक्षरांचा असतो, दुसऱ्यात मध्ये जोडरेघ असते आणि नियमाप्रमाणे तो बाद होतो. अनेकवचन धरलं तर सलग लिहिलेलं काउंटररिव्होल्युशनरीज २२चं होतं आणि मर्यादेबाहेर जातं. एस की झेड हाही मुद्दा तसाच: ऑर्गनायझेशनची लांबी दोन्हींत १२, पण झेड दिलेला असेल तर ब्रिटिश वळणाचं स्पेलिंग लिहिणारा मुलगा विनाकारण मागे पडतो. म्हणून एस-झेडच्या वादातलं अक्षर संचात घालायचंच नाही.

लांबीइतके गुण ही पद्धतही तपासून पाहायला हवी. चूक शब्दाला शून्य आणि बरोबर शब्दाला लांबीइतके, यात मुलं हातचा खात्रीचा अकरा अक्षरी शब्द सोडून चौदाच्या मागे धावतात. अ गटाने नेमकं तेच केलं. गटाला दोन शब्द लिहू द्यायचे, एक खात्रीचा आणि एक धाडसाचा, आणि जो बसेल त्यातला मोठा धरायचा, असं केलं असतं तर पहिल्या दिवशीचे निम्मे शून्य टळले असते.

पुढच्या वर्षीच्या प्रश्नासाठी संगणकाच्या सरांनी निवडलेला संच लखोट्यात घालून मुख्याध्यापिका मॅडमच्या कपाटात ठेवला आहे. सोबत यादीतून निघालेले पहिले तीस शब्द आणि चौकटींचे बारा कोरे कागद.